आधी फळ्या, मग फडकं

२६ फेब्रुवारी १९८४, रोहा

ही वही कंपनीच्या सुपरवायझरने फेकून दिलेली. मागच्या सालची डायरी आहे, छापलेले वार जुळत नाहीत, पण कागद गुळगुळीत. मी सातवीपर्यंत शिकलो, नंतर लिहायचं काम पडलं नाही. आज पडलं, कारण ही गोष्ट कुणाला सांगता येत नाही आणि पोटात ठेवली तर भाकरी उतरत नाही.

दुपारी धाटावहून शिफ्ट संपवून खानावळीत आलो तर कोर्टाचा माणूस बसलेला. खानावळवाली सीताबाई त्याला ताक देत होती. मला वाटलं, तिच्या नवऱ्याच्या जमिनीचं काही असेल. तो म्हणाला, "जनू बाळू पाटील तूच का?" नाही म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात सीताबाई म्हणाली, "हाच तो. बस रे जन्या, घाबरतोस कशाला?"

कागदावर पेणच्या कोर्टाचा शिक्का. वाचता वाचता अर्ध्यात दमलो. त्या माणसानेच सांगितलं, कोपरखारच्या शेतकऱ्यांनी नुकसानभरपाईचा दावा लावलाय, आणि त्यात माझी साक्ष कोर्टात नाही, इथेच रोह्यात एका वकिलाच्या घरी होणार आहे. त्या वकिलाला कोर्टाने कमिशनर नेमलंय. दावा सुनावणीला उभा राहायच्या आधीच.

"आधीच का?" मी विचारलं.

"तुझा काही भरवसा नाही म्हणून. तू वेरावळला ट्रॉलरवर चाललायस असं अर्जात लिहिलंय."

वेरावळचं मला ठाऊकच नव्हतं.

२ मार्च

लिहूनच टाकतो. वही गादीखाली ठेवीन.

मी गागोद्याच्या अंगाचा, डोंगराकडचा. आमच्याकडे पाणी वरून येतं आणि खाली जातं, एवढंच. कोपरखारला पाणी दिवसातून दोनदा येतं आणि दोनदा जातं, हे मी वीस वर्षांचा झाल्यावर पाहिलं. गेल्या जुलैत धरमतरला बार्ज बघायला गेलो, तिथे एक माणूस भेटला, त्याच्याबरोबर कोपरखारला पोचलो. माझं सगळं असंच होतं.

गावाची भातशेती खाडीपेक्षा खाली आहे. मध्ये मातीचा बांध, आणि बांधात एक दार, त्याला उघाडी म्हणतात. भरतीच्या आधी खाचेत पाच फळ्या टाकायच्या, ओहोटीला काढायच्या, म्हणजे पावसाचं पाणी बाहेर जातं आणि खारं आत येत नाही. हे राखायचं काम महिपतीबाबांचं. त्याचं त्यांना सुगीला घरटी भात मिळायचं. फळ्या पडल्या की ते उघाडीवरच्या बांबूला फडकं बांधायचे. अमावस्या-पुनवेच्या उधाणाला गाव ते फडकं बघायचं. फडकं दिसलं की माणसं निवांत. नाही दिसलं तर सगळे पाट्या-फावडी घेऊन बांधावर धावणार. पहिल्या दिवशीच बाबांनी मला सांगितलं होतं, "आधी फळ्या, मंग फडका. उलटा करशील तर गाव बुरंल."

मी हैबतरावांच्या जाळ्यावर कामाला होतो. उघाडीत मासळी धरायचा ठेका त्यांचा; फळ्या नसल्या की भरतीबरोबर मासळी आत येते. पण झोपायला बाबांच्या पडवीत. कालवाच्या शिंपेने पाय फाटला तेव्हा बाबांच्या बायकोने, काशीमावशीने, पंधरा दिवस हळद भरली. हेही लिहितो, नाहीतर सोयीचं तेवढंच लिहिलं असं होईल.

पिठोरी अमावस्येला बाबा तापाने फणफणले होते. सकाळी मला म्हणाले, "ठेकेदाराच्या एकाला घे नि फळ्या टाक. बारा वाजता उधान हाय." मी गेलो. हैबतराव उघाडीवरच होते. म्हणाले, "फळ्या माझी माणसं टाकतात. तू फडकं बांध नि पळ. पेणला गणपती बघायचेत ना तुला?" चार दिवसांवर चतुर्थी होती. पेणला कारखान्यात मूर्तींचे डोळे लिहितात ते मला बघायचं होतं, ते मी चार दिवस सगळ्यांना सांगत होतो.

बाबांचं फडकं सापडेना. मी माझ्या लुंगीची पट्टी फाडली, निळ्या चौकड्यांची, आणि बांधली. फळ्या बघितल्या नाहीत.

पेणला एका म्हाताऱ्याने एका दमात गणपतीची भुवई ओढली. श्वाससुद्धा घेतला नाही. तसं मी काही पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी वडखळच्या स्टँडवर कळलं, कोपरखारची उघाडी गेली. सोबत बांधालाही भगदाड. पोटरीत आलेलं भात सगळं खाऱ्या पाण्यात. फडकं होतं म्हणून कुणी धावलंच नाही. मी समोर आली त्या गाडीत बसलो. ती रोह्याची निघाली.

६ मार्च

हैबतराव जीप घेऊन आले. मला शोधत स्वतः! सीताबाईला म्हणाले, "पोराला नीट जेवायला घाला, मावशी." मला स्टँडसमोर भजी खाऊ घातली. माणूस वाईट नाही.

म्हणाले, "जन्या, गाव तुला शोधतंय, माहीत आहे?"

माझ्या हातातली भजी तशीच राहिली.

"फडकं कुणी बांधलं ते त्यांना माहीत नाही अजून. कळलं तर खाडीत घालतील तुला. त्यांची तीन वर्षं जमीन पिकणार नाही. मीठ धुऊन जायला तीन पावसाळे लागतात."

"मग काय करू?"

"काही नाही. महिपतीने फडकं बांधलं, असं म्हणायचं. त्याने ते कबूलच केलंय."

मी म्हटलं, असं कसं? तर खरंच, बाबांनी गावापुढे सांगितलं म्हणे, फडका मीच बांधला, तापात फळ्या टाकल्या असं वाटलं. गावाने त्यांची राखण काढून घेतली, भात बंद केलं, विहिरीवर कुणी बोलत नाही. लोक म्हणतात, म्हाताऱ्याने मासळीसाठी ठेकेदाराकडून काहीतरी खाल्लं. दाव्यात हैबतराव एक नंबरचे प्रतिवादी आणि बाबा दोन नंबरचे.

तापात माणसाला काहीही आठवतं. आमचा एक चुलता तापात स्वतःला तलाठी म्हणायचा.

साक्ष झाली की त्याच दिवशी वेरावळची गाडी. ट्रॉलरवर नोकरी, जेवून-खाऊन. मी समुद्रात लांब कधी गेलो नाही. हैबतरावांनी अर्ज पण आपणच टाकला, माझी साक्ष आधी व्हावी म्हणून. किती करतात माझ्यासाठी.

तरी रात्रपाळीला मशीनचा आवाज पाण्यासारखा येत होता.

९ मार्च

कुंडलिकेच्या पुलाखाली एक माणूस मधमाश्यांचं पोळं काढत होता. तास गेला. शिफ्टला उशीर, अर्धा दिवस कापला. तो तास मात्र मला कसली भीती वाटली नाही.

१३ मार्च

काशीमावशी रोह्यात आली होती. सुकट विकायला म्हणे. पेण सोडून सुकट विकायला कुणी रोह्याला येतं का?

मी कामावर होतो ते बरं. सीताबाईने सगळं सांगितलं, भांडी घासता घासता.

"तुझ्या पायाचा विचारत होती. डावा पाय भरला का, लंगडतो का?"

"तुम्ही काय सांगितलंत?"

"सांगितला, बरा हाय. मंग विचारते, शिफ्टला कवा जातो, कवा येतो, एकटा येतो का. मी म्हटलं गो, जावई करायचाय का?"

डावा पाय कशाला विचारतात? येतो-जातो ती वेळ कशाला?

"आणि निरोप दिलाय. पेणकडं पाय ठेवू नको. कोपरखारचा कोन भेटला तर त्या दिवशी मी तिथं नव्हतोच सांग. नि लांब कुठं तरी जा."

म्हणजे धमकीच. हैबतराव म्हणाले तेच झालं. एवढी हळद भरणारी बाई आता पाय मोडायला माणसं पाठवणार. निरोपासोबत बोंबलांची पुडी होती. मी खाल्ली नाही. सीताबाईने भाजून खाल्ली, तिला काही झालं नाही.

१७ मार्च, होळी

बाहेर पडलो नाही.

२० मार्च

हैबतरावांच्या वकिलांनी तालीम घेतली, जीपमध्येच. "फडकं कुणी बांधलं?" "महिपतीने." "तू पाहिलंस?" "पाहिलं." "कुठल्या रंगाचं होतं?"

मी निळं म्हणालो.

वकील हैबतरावांकडे बघायला लागले. हैबतराव म्हणाले, "पांढरं रे. म्हाताऱ्याच्या धोतराचं." मग हसले. "आणि जास्त रंग सांगू नकोस."

ते फडकं आता कुठेच नाही. भगदाड पडलं तेव्हा बाबा तापात धावत गेले आणि सगळ्यांच्या आधी त्यांनी ते उतरवलं, मग पाण्यात गेलं म्हणतात. लांबून नुसतं फडकं दिसतं, पण हाती लागलं असतं तर त्या चौकड्या साऱ्या गावाने ओळखल्या असत्या. माझी लुंगी तिथे एकच तशी होती, पोरं मला पत्त्यातला चौकट म्हणायची. माझं नशीब म्हणायचं.

सीताबाईला विचारलं, शपथेवर खोटं बोललं तर काय होतं? ती म्हणाली, "तुना काय होतं ते नाय ठाऊक. ज्याच्यावर बोलतोस त्याला होतं ना."

मी ताट अर्धं सोडून उठलो. पळून जावं असं तीनदा मनात आलं. स्टँडवर गेलोही. मुरूडची गाडी लागली होती, दार उघडं. बाजूला उसाच्या रसाचं गुऱ्हाळ नवीन लागलंय, घुंगरू वेगळे आहेत, दोन प्रकारचे. ते बघत राहिलो आणि गाडी सुटली.

२४ मार्च, शनिवार

क्रमाने लिहितो.

अकरा वाजता कमिशनर नेमलेल्या कमळाकर वकिलांच्या घरी. ओटीवर टेबल, टाइपरायटर, टाइप करायला एक चष्मेवाला. आत कुठेतरी कुकरच्या शिट्ट्या. मला वाटलं होतं साक्ष म्हणजे पिंजरा, उंच खुर्ची. इथे मला लाकडी स्टूल दिलं आणि पाणी विचारलं. घरात शपथ घ्यायची म्हणजे जास्तच भीती वाटते. कोर्टात निदान सगळेच खोटे बोलत असतील असं वाटतं.

हैबतराव आणि त्यांचे वकील खुर्च्यांवर. गावाच्या बाजूने एक तरुण वकील आणि दत्तात्रेय म्हणून एक शेतकरी. दत्तात्रेयने माझ्याकडे असं बघितलं की मी स्टुलावर अर्धाच बसलो. दाराजवळ, चपला काढून, जमिनीवर महिपतीबाबा. वाळून काडी झाले होते. मांडीवर गाठोडं. त्यात कोयता असेल असं मला वाटलं, खोटं कशाला लिहू.

कमिशनरसाहेबांनी शपथ दिली. ईश्वराला स्मरून खरं तेच सांगेन. मी म्हटलं.

हैबतरावांच्या वकिलांनी विचारलं, मी सांगितलं. फडकं महिपतीने बांधलं. मी पाहिलं. पांढरं होतं. ठेकेदार त्या दिवशी उघाडीवर नव्हते. टाइपरायटर खटखट करत होता, मी एक वाक्य बोललो की पाच खटके. सगळं पंधरा मिनिटांत. गावाच्या वकिलाने उलटं विचारलं, तू कुठे उभा होतास, किती वाजले होते. मी आठवत नाही म्हणालो. दत्तात्रेय म्हणाला, "पढवून आणलाय साला पोपट!" कमिशनरसाहेबांनी त्याला गप्प केलं.

मग ते बाबांना म्हणाले, "प्रतिवादी नंबर दोन, तुम्हाला वकील नाही. साक्षीदाराला काही विचारायचंय?"

बाबा उभे राहिले. गाठोडं हातात. मी डावा पाय स्टुलाच्या मागे घेतला.

"व्हय साहेब. एकच. याची ती गुजराथची गाडी कवाची हाय?"

"हा प्रश्न इथे येत नाही."

"म्हंजे आजच जातो ना यो? रोह्यात राहात नाय ना?"

"ते इथे लिहिता येणार नाही, बाबा. त्याने सांगितलेल्यातलं काही चुकीचं आहे का?"

"नाय. बोलतो ते बरोबर हाय. मना काय विचारायचा नाय." मग थोडं थांबून, "याचा सामान आमच्या पडवीत राहिलेला. देऊ का?"

हैबतरावांचे वकील हसले. साहेब म्हणाले, द्या.

गाठोडं माझ्या मांडीवर आलं. साहेब टाइप झालेले कागद चाळत होते. नियम असा आहे, सगळं साक्षीदाराला वाचून दाखवायचं, मग त्याने बरोबर आहे म्हणून सही करायची. ते वाचायला लागले. मी गाठ सोडली. कोयता नव्हता. माझा कंगवा, बोंबलांची पुडी, पायाची हळद एका कागदात, आणि माझी लुंगी. धुतलेली, घडी केलेली.

मी घाबरलो की हाताला चाळा लागतो. लुंगीचा काठ चाचपत होतो. एका ठिकाणी बोटाला दोरा लागला. जाड, जाळ्याचा दोरा. मी घडी उलगडली. फाडलेली पट्टी जिथली तिथे शिवलेली होती. काशीमावशीचे टाके, चौकडीला चौकडी जुळवून. पट्टीच्या टोकाला बांबूवर आवळलेल्या गाठीचा सुरकुतलेला डाग तसाच होता.

पट्टी पाण्यात गेली नव्हती.

मी बाबांकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत नव्हते, दाराबाहेर जीप कुठे उभी आहे ते बघत होते.

"...सदर फडके महिपती यांनी बांधल्याचे मी प्रत्यक्ष पाहिले," साहेब वाचत होते. "वाचून दाखवले, बरोबर आहे. इथे सही कर."

पेन पुढे आलं. माझा आवाज एवढा मोठा निघाला की आत कुणीतरी भांडं पाडलं.

"बरोबर नाही."

"काय बरोबर नाही?"

"फडकं मी बांधलं. हे. या लुंगीचं. फळ्या न बघता. हैबतराव उघाडीवर होते. फळ्या माझी माणसं टाकतात, तू जा, असं तेच म्हणाले."

हैबतराव उठले. "हा येडा आहे, साहेब!" त्यांचे वकील म्हणाले, साक्षीदार फितवलाय, हे गाठोडं आताच दिलंय, माझी हरकत लिहून घ्या. गावाचे वकील म्हणाले, दुरुस्ती लिहून घ्या. सगळे एकदम. बाबा सगळ्यांच्या वर ओरडले, "नाय साहेब! पोऱ्याचा ऐकू नका! मी कबूल केलाय ना, मंग?"

साहेबांनी टेबलावर हात आपटला. "हरकतही लिहितो आणि दुरुस्तीही. खरं काय ते कोर्ट ठरवेल." मग चष्मेवाल्याला, "नवीन कागद लाव." आणि मला, "पहिल्यापासून सांग. सावकाश."

मी पहिल्यापासून सांगितलं. गणपतीच्या भुवईचंही सांगितलं. ते त्यांनी लिहिलं नाही. लुंगीला नंबर देऊन पाकिटात घातलं. सही केली ती माझी मलाच ओळखू आली नाही.

जाताना हैबतराव माझ्या कानाशी म्हणाले, "आता गाव तुझं बघून घेईल. नाही बघितलं तर मी आहे."

२५ मार्च

काल बाबा मला म्हणाले, "जा आता मुरूडला नायतर कुठं. येवरा सांगितला, समजत नाय का तुना?" मी म्हटलं, तुम्ही घाबरवत होतात की काय मला? ते म्हणाले, "मंग काय ववाळत होतो?" मग म्हणाले, "त्या दिवशी तू गावात असतास तर पोरांनी तुना जिता ठेवला नसता. मना म्हाताऱ्याला कोन मारतो?"

त्यांच्यासोबतच एसटीत बसलो. वडखळला, आधीच्या गाडीने पुढे गेलेला दत्तात्रेय पुढच्या दाराने चढला. मी खिडकीतून ओकलो.

काशीमावशीने घाईघाईत दारातच पाय बघितला, उजवा. मी म्हटलं, डावा गो. तिने डावा बघितला आणि आत गेली, बराच वेळ बाहेर आली नाही.

संध्याकाळी देवळापुढे बैठक. कुणी म्हणालं, खाडीत घाला. कुणी म्हणालं, पोलिसांत द्या. एकाने मला दोन ठेवून दिल्या, कानात अजून आवाज येतो. मग दत्तात्रेय म्हणाला, "घातला तर कोर्टात कोन बोलंल? ठेकेदार बोलंल, साक्षीदार पळाला. याला पळू देऊ नका, बस." ठरलं ते असं. राखण बाबांना परत. आणि दाव्याचा निकाल लागेपर्यंत मी कोपरखार सोडायचं नाही. उघाडीवर बसायचं. निकालाला पाच वर्षं लागतात म्हणे.

घर सोडल्यापासून मी एका जागी वर्षभरसुद्धा राहिलेलो नाही.

१ एप्रिल, रविवार, अमावस्या

शेतात पीक नाही, नुसतं पांढरं मीठ फुललंय, तरी सगळं गाव आपापल्या दारात उभं. बघत.

दहा वाजता फळ्या टाकल्या, बाबा एका टोकाला, मी दुसऱ्या. भगदाड बुजवून उघाडी नव्याने बसवलीय; लाकूड नवीन, फुगलेलं नाही, खाचेत हलतं. मी फटीत चिखल भरला. प्रत्येक फळीवर हात ठेवला. पुन्हा ठेवला. मध्येच बगळ्यांचा थवा उतरला, शंभर तरी असतील, मी त्यांच्याकडे मान वळवली तर बाबा नुसते खाकरले.

बांधाच्या टोकाला हैबतरावांची जीप येऊन उभी राहिली. कुणी उतरलं नाही. इंजिनही बंद केलं नाही.

पाणी चढायला लागलं. बाबा खाली उघाडीच्या तोंडाशी, मी वर बांबूपाशी. हातात त्यांच्या धोतराचं फडकं. जीपकडे पाठ करून उभं राहायला मला फार जड गेलं.

"जन्या," खालून बाबा ओरडले, "फळ्या किती?"

"पाच."

"तू बघितल्यास का कोनी सांगितल्या?"

"मी बघितल्या."

"मंग बांध."